शून्यांच्या नोटा आणि फेडायचे कर्ज: इंदूरच्या एका नाणी-नोटांच्या दुकानाविषयी

इंदूरच्या राजवाड्याकडून सराफ्याकडे जाताना लागणाऱ्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जुनी नाणी, नोटा आणि कर्जरोखे विकणारे एक लहानसे दुकान आहे. होळकरशाही रुपये विकणारी दुकाने या भागात नवीन नाहीत; परंतु युद्धात हरलेल्या राष्ट्रांनी जेत्यांना दिलेल्या खंडणीशी आणि त्यासाठी काढलेल्या कर्जांशी संबंधित कागदांचे स्वतंत्र कपाट मी या शहरात दुसरीकडे पाहिलेले नाही. दुकानाच्या मराठी मालकांनी या कपाटातील काही वस्तू एकत्र करून, प्रत्येकीसोबत छापील माहितीपत्र जोडून, एक संचही विक्रीस ठेवला आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या संचाचे आणि त्या कपाटाचे आहे.

संचात सर्वांत ठळक जागा 1923 सालच्या जर्मन नोटांना दिलेली आहे आणि त्या खरोखर देखण्या आहेत. डिसेंबर 1922 ची तारीख असलेल्या एक हजार मार्कांच्या नोटेवर लाल शाईने आडवे ‘एक अब्ज मार्क’ असे छापून तीच नोट पुन्हा चलनात आणली गेली होती. तिची येथील प्रत स्वच्छ आहे, घड्या कमी आहेत आणि लाल रंग फिका पडलेला नाही. तिच्या शेजारी एकाच बाजूने छापलेल्या नोटा आहेत. शंभराहून अधिक खासगी छापखाने कामाला लावूनही नोटा कमी पडत असल्यामुळे दुसरी बाजू छापण्यात वेळ घालवणे परवडत नव्हते. 1914 साली एका डॉलरला चार मार्कांपेक्षा थोडे अधिक द्यावे लागत, तर नोव्हेंबर 1923 मध्ये तोच डॉलर 4.2 लाख कोटी मार्कांना जाऊन पोहोचला. ही घसरण हातात धरून पाहण्याचा अनुभव कोणत्याही तक्त्यातून मिळत नाही, हे मान्य करायला हवे.

तक्रार आहे ती माहितीपत्राबद्दल. ‘व्हर्सायच्या तहाची खंडणी फेडण्यासाठी छापलेल्या नोटा’ एवढेच त्यावर लिहिले आहे (हा तह म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीशी झालेला करार), आणि ते वाचून गिऱ्हाइकाचा असा समज होतो की जर्मनीने हे कागद गठ्ठ्यांनी बांधून पॅरिसला पाठवले. खंडणी कागदी मार्कांत फेडता येतच नव्हती. मे 1921 मध्ये लंडन येथे निश्चित झालेली 132 अब्जांची रक्कम सुवर्ण मार्कांत, म्हणजे सोन्याच्या ठरावीक वजनाशी बांधलेल्या मार्कांत, होती, आणि हप्ते सोने, परकीय चलन किंवा कोळसा, लाकूड यांसारखा माल या रूपातच द्यायचे होते. त्या वर्षीच्या पहिल्या एक अब्जाच्या हप्त्यासाठी जर्मन सरकारने बाजारात मार्क विकून परकीय चलन गोळा केले आणि मार्क आणखी घसरला, हे खरे आहे; त्यामुळे माहितीपत्र सर्वस्वी खोटे ठरत नाही. पण महागाईची मुळे त्याआधीची होती, कारण महायुद्धाचा खर्च जर्मनीने करांऐवजी मुख्यतः कर्ज काढून भागवला होता. आणि 1923 मधला शून्यांचा पूर आला तो खंडणी देण्यामुळे नव्हे, तर ती थांबल्यानंतर. लाकूड आणि कोळसा ठरल्याप्रमाणे पोहोचला नाही म्हणून जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने जर्मनीतील रूरचे खाणक्षेत्र सैन्य पाठवून ताब्यात घेतले, जर्मन सरकारने तेथील कामगारांना काम बंद ठेवण्यास सांगितले, आणि घरी बसलेल्या लक्षावधी लोकांचे वेतन देण्यासाठी छापखाने रात्रंदिवस चालवले. लाल अक्षरांची ती नोट या वेतनाच्या काळातली आहे.

हे मी मालकांना सांगितले, तेव्हा त्यांनी न रागावता उत्तर दिले, ‘काका, गिऱ्हाईक शून्यं मोजून नोट घेतं, करार वाचून नाही.’ धंद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर असेल; पण पैसे घेऊन विकलेल्या माहितीपत्रात चार वाक्ये अधिक असायला हरकत नसावी.

या कपाटातील सर्वांत मोलाची वस्तू संचात नाहीच. ती भिंतीवर, चौकटीत, जरा अंधारात लावलेली आहे: 1924 च्या जर्मन परराष्ट्रीय कर्जाचा सात टक्के व्याजाचा डॉलरमधील रोखा. दिसायला तो निरस आहे. बारीक इंग्रजी मजकूर, नक्षीदार किनार, खाली व्याजाच्या न फाडलेल्या चिठ्ठ्या. परंतु युद्धखंडणीचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालला हे समजून घ्यायचे असेल, तर अब्जांच्या नोटांपेक्षा हा एक कागद अधिक सांगतो. खंडणीचे हप्ते नव्याने बसवणाऱ्या 1924 च्या डॉज योजनेनुसार जर्मनीला सुमारे 80 कोटी सुवर्ण मार्कांचे कर्ज मिळाले आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेत विकला गेला. त्यानंतर अमेरिकी पैसा कर्जरूपाने जर्मनीत येई, जर्मनी त्यातून फ्रान्स आणि ब्रिटनला हप्ते देई, आणि ती राष्ट्रे महायुद्धात घेतलेले कर्ज अमेरिकेला परत करीत. हे चक्र 1929 नंतर थांबले. 1931 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी वर्षभराची स्थगिती सुचवली, आणि 1932 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उरलेली खंडणी जवळजवळ सोडून देण्यात आली. तोपर्यंत जर्मनीने एकंदर दिले ते साधारण 20 अब्ज सुवर्ण मार्क. 132 अब्जांपैकी 82 अब्जांचे रोखे तर अशा वर्गात टाकलेले होते की ते कधी वसूल होतील अशी अपेक्षा ठरवणाऱ्यांनाही नव्हती. तो आकडा विजयी देशांतील मतदारांना दाखवण्यासाठी होता.

खंडणी संपली तरी तिच्यापायी घेतलेले कर्ज संपले नाही. हिटलरच्या राजवटीत थकलेल्या या रोख्यांचा हिशेब फेब्रुवारी 1953 च्या लंडन करारात पुन्हा मांडला गेला. जर्मनीचे एकूण बाह्य कर्ज जवळपास निम्मे करण्यात आले आणि 1945 ते 1952 या काळातील थकलेले व्याज देश पुन्हा एक होईपर्यंत पुढे ढकलण्यात आले. देश 1990 मध्ये एक झाला आणि त्या व्याजाचा अखेरचा हप्ता 3 ऑक्टोबर 2010 रोजी दिला गेला.

नाण्यांच्या खणात दोन वस्तू अशा आहेत की त्यांचे महत्त्व दुकानाला पुरते उमगलेले दिसत नाही. त्यांपैकी एक आहे जपानचा चांदीचा एक येन. त्यावर एका बाजूला लहान वर्तुळात चांदी या अर्थाचे चिन्ह नंतर ठोकलेले आहे, आणि चिठ्ठीवर मात्र ‘नाण्यावर डाग’ असे लिहून किंमत कमी केलेली आहे. तो डाग नाही. 1895 च्या शिमोनोसेकीच्या तहाने पराभूत चीनने जपानला 20 कोटी टेल (चिनी वजनाचे माप) चांदी देण्याचे मान्य केले, आणि ल्याओतुंग द्वीपकल्प परत मिळवण्यासाठी आणखी तीन कोटी. चीनने ही रक्कम रशियन, फ्रेंच, ब्रिटिश आणि जर्मन सावकारांकडून कर्ज काढून लंडनमध्ये पौंडांत भरली, आणि त्या आधारावर जपानने 1897 मध्ये सुवर्णमान, म्हणजे चलनाचे मूल्य सोन्याशी बांधण्याची पद्धत, स्वीकारला. चांदीचे येन देशात बाद झाले. तैवानसारख्या ठिकाणी चालवण्यासाठी जुन्या नाण्यांवर ही खूण ठोकण्यात आली. दुसरी वस्तू म्हणजे 1872 चे जर्मन 20 मार्कांचे सोन्याचे नाणे. फ्रान्सने 1871 च्या पराभवानंतर पाच अब्ज फ्रँकची खंडणी मुदतीपूर्वी, सप्टेंबर 1873 पर्यंत फेडली आणि जर्मनीचे नवे सुवर्णचलन त्या बळावर उभे राहिले. ती फेडता आली, कारण फ्रान्सची पत शाबूत होती: 1872 च्या तीन अब्जांच्या कर्जाला मागितलेल्या रकमेच्या दहा पटींहून अधिक पैसे देण्याची तयारी गुंतवणूकदारांनी दाखवली. ज्याला कोणी उसने देतो त्याच्याकडूनच खंडणी वसूल होते, ही गोष्ट येन, 20 मार्क आणि भिंतीवरचा रोखा शेजारी ठेवले तर विनासायास दिसेल. दुकानात त्या तीन वस्तू तीन ठिकाणी आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सरकारने ताब्यातील ब्रह्मदेशासाठी छापलेल्या रुपयांच्या नोटांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. त्या विपुल आहेत, स्वस्त आहेत आणि येथील प्रती ठीक आहेत. मात्र त्यांच्या माहितीपत्रावर भारताचा उल्लेख असता तर बरे झाले असते, कारण 9 जून 1952 च्या तहात भारताने जपानकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला, आणि पुढे 1958 मध्ये जपानने दिलेले पहिले येन-कर्ज भारतालाच मिळाले.

सर्वांत मोठी उणीव घराजवळची आहे. याच दुकानात मल्हारनगर टांकसाळीचे सूर्यमुखी रुपये आहेत आणि शीख राज्याचा एक नानकशाही रुपयाही आहे. परंतु ते ‘भारतीय संस्थाने’ या वेगळ्या कपाटात, जणू त्यांचा या विषयाशी संबंधच नाही अशा रीतीने, ठेवले आहेत. 1846 मध्ये इंग्रजांशी युद्धात हरलेल्या लाहोर दरबारावर, म्हणजे शीख राज्यावर, दीड कोटी रुपयांचा दंड बसला. तो भरता न आल्यामुळे एक कोटीच्या बदल्यात काश्मीरसह डोंगरी मुलूख इंग्रजांनी घेतला आणि आठवड्याभरात काश्मीर जम्मूच्या गुलाबसिंगांना 75 लाख नानकशाही रुपयांना दिले. होळकरांची कथा याहून निराळी आहे. डिसेंबर 1817 मधील महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसोरला जो तह झाला, त्यात भर रोख दंडावर नव्हता. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख आणि राजपुतान्यातील संस्थानांकडून खंडणी घेण्याचे हक्कच काढून घेण्यात आले. हप्ते ठरवून ते थकण्याची वाट पाहण्यापेक्षा उत्पन्नाचे झरे ताब्यात घेणे ईस्ट इंडिया कंपनीला अधिक फायद्याचे होते, आणि व्हर्सायच्या वकिलांपेक्षा तिचा हिशेब अधिक थंड डोक्याचा होता असे माझे मत आहे. इंदूरला राजधानी आणि रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीचे ठाणे) आली ती या तहानंतरच. राजवाड्याच्या सावलीतील दुकानाने हा दुवा जोडू नये, याचे आश्चर्य वाटते.

सेवेबद्दल सांगायचे तर मालक घाई करीत नाहीत, भिंग स्वतः पुढे करतात, आणि नोट खरी असल्याबद्दल पावतीवर लिहून देतात. दर वाजवी आहेत. जिना अंधारा व उभा असल्याने वयस्करांनी बरोबर कोणी असल्यास जावे. पाकिटे मात्र साध्या प्लॅस्टिकची आहेत. इंदूरच्या पावसाळ्यात जुना कागद त्यांत दमट होतो, म्हणून घरी आणल्यावर आम्लरहित पाकिटात ठेवणे इष्ट.

पूर्ण संच घेण्याची गरज नाही. लाल छापाची एक जर्मन नोट आणि खूण असलेला येन, तोही ‘डागाच्या’ किमतीत आहे तोवर, सुटे घ्यावेत. रोख्याच्या बाबतीत सावध राहावे. ‘याचे पैसे अजून मिळू शकतात’ असे दुकानातील मदतनीस गिऱ्हाइकांना सांगताना मी ऐकले आहे, आणि ते गैर आहे. असे पुष्कळ रोखे जर्मनीने पूर्वीच परत विकत घेऊन बर्लिनमध्ये ठेवले होते. 1945 मध्ये शहर पडल्यावर ते लुटले गेले आणि पुन्हा बाजारात आले. म्हणूनच पुढे प्रत्येक रोख्याची तपासणी सक्तीची करण्यात आली, आणि त्या तपासणीतून न गेलेल्या रोख्यांवरील दावे अमेरिकेच्या न्यायालयांतही टिकलेले नाहीत. भिंतीवरच्या प्रतीवर तपासणीची कोणतीही खूण नाही. संग्राह्य कागद म्हणून जी किंमत योग्य वाटेल तीच द्यावी, आणि चिठ्ठ्यांवर छापलेल्या डॉलरांचा हिशेब त्यात धरू नये.