पुण्याला मेट्रो बरी की बीआरटी?

बीआरटी पुण्यात 2006 च्या डिसेंबरातच आली, कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशातला पहिला प्रयोग आपला आणि वाट लावली तीपण आपणच. आयडिया भारी होती राव, बसला वेगळी लेन, खर्च मेट्रोच्या मानाने किरकोळ, वस्ती सरकली की रूटपण सरकवता येतो, पण लेनमध्ये टूव्हीलरवाले घुसणार (मीपण घुसलोय, खोटं कशाला बोलू) मग बसपण अडकून बसते.

मेट्रोचं उलटं. भूमिपूजन 2016 ला, पहिला टप्पा 2022 ला, जमिनीखालून स्वारगेटला पोचायला 2024 उजाडलं. पैसा पाण्यासारखा जातो पण खांबावर कोण घुसणार? फक्त एकदा बांधली की हलत नाय, म्हणून पुढच्या तीस वर्षांत गर्दी कुठं वाढणार ते आधीच ओळखावं लागतं. आपलं प्लॅनिंग कसं, तर विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर 2020 ला पाडला, कारण हिंजवडी मेट्रो आडवी येत होती.

मला विचाराल तर हिंजवडी-शिवाजीनगरला मेट्रोच, वाघोलीसारख्या पसरणाऱ्या भागाला आधी नीट बसलेन. आणि स्टेशनबाहेर फीडर बस (घरापासून स्टेशनला ने-आण करणारी छोट्या रूटची बस) नसेल तर लोक परत गाडीलाच किक मारणार.