दूध संस्थेतला कॉम पोर्ट आणि पायसिरियलचं 'लिस्ट पोर्ट्स'

सांगली, मिरज, पलूस, तासगाव या पट्ट्यातल्या दूध संस्थांना मी संकलनाचं सॉफ्टवेअर बसवून देते. सगळं पायथनमध्ये लिहिलेलं. संस्थेच्या टेबलावर वजनकाटा आणि फॅट मशीन असतं, बाहेर शेतकऱ्याला दिसेल असा डिस्प्ले टांगलेला असतो. तिन्ही सिरियल पोर्टवर, म्हणजे आकडे एकामागून एक पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालतात. हल्लीच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्टच नसतो, त्यामुळं प्रत्येकाला एक यूएसबी कन्व्हर्टर लागतो. कुठलं यंत्र कुठल्या कॉम नंबरवर (विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला देतं तो क्रमांक) बसलंय हे प्रोग्रॅमनं स्वतः हुडकावं म्हणून मी पायसिरियल या पायथन लायब्ररीतलं लिस्ट पोर्ट्स, म्हणजे पोर्टांची यादी देणारं साधन, वापरते. लायब्ररी फुकट आहे, बीएसडी परवान्याची आहे, म्हणजे विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही बिनघोर घालता येते. माझं मत आधीच सांगते: हे साधन उत्तम आहे आणि याच्याशिवाय मी कुठल्याही संस्थेत काम धरत नाही. फक्त त्याची हद्द कुठं संपते ते माहीत पाहिजे.

हुडकायची गरज का पडते? बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'काटा म्हणजे कॉम ३' असं कायमचं लिहून ठेवलेलं असतं. टेबल पुसताना कुणीतरी पिन काढून शेजारच्या खाचेत घालतं आणि सकाळच्या संकलनाला सचिवांचा फोन येतो, "ताई, वजन येईना झालंय बघा." कन्व्हर्टरला स्वतःचा सिरियल नंबर नसला की विंडोज खाच बदलल्यावर त्याला नवं उपकरण समजतं आणि नवा कॉम नंबर देतं. जुना नंबरही अडवून ठेवतं. म्हणून एखाद्या संस्थेत काटा कॉम १२ वर पोचलेला दिसतो. बाहेर कॅन घेऊन रांग लागलेली असते. वजन हातानं लिहिलं की वाद आलाच. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, एका पॉइंटनं पैसे कमी-जास्त होतात, त्यामुळं यंत्रातला आकडा माणसाचा हात न लागता बिलात उतरला पाहिजे, याबाबत मी फार आग्रही आहे.

वापरायला सोपं आहे. बसवताना नाव मात्र 'पायसिरियल' असंच द्या. नुसतं 'सिरियल' दिलंत तर भलतंच पॅकेज येतं आणि आयात करताना दोन्हींचं नाव एकच असल्यानं डोकं फिरतं. कोड न लिहिता बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'पायसिरियल-पोर्ट्स' टाका, पुढं 'व्ही' हा पर्याय दिलात की प्रत्येक पोर्टची सविस्तर माहिती येते. कोडमध्ये कॉमपोर्ट्स हे फंक्शन बोलावलं की यादी मिळते: पोर्टचं नाव, वर्णन, व्हीआयडी (बनवणाऱ्या कंपनीचा नंबर), पीआयडी (त्या उत्पादनाचा नंबर), सिरियल नंबर, लोकेशन. यादी करताना ते कुठलाच पोर्ट उघडत नाही, त्यामुळं काटा दुसऱ्या प्रोग्रॅमनं धरलेला असला तरी यादीत दिसतो. पूर्वी लोक कॉम १ पासून २५६ पर्यंत एकेक उघडून बघायचे, त्यात असा धरलेला पोर्ट निसटायचा.

व्हीआयडी छापून बघितलात तर ६७९० आणि पीआयडी २९९८७ असे आकडे येतील. घाबरू नका. ते दशमान आहेत, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) तेच १ए८६ आणि ७५२३, म्हणजे सीएच ३४० ही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सर्रास सापडणारी चिप. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीची नेहमीची जोडी ०४०३ आणि ६००१. यादीतून नेमकं गाळायला ग्रेप नावाचं फंक्शन आहे, ते नाव, वर्णन आणि हार्डवेअर आयडी तिन्हींत शोधतं.

ब्लूटूथ असलेल्या लॅपटॉपवर यादीत ब्लूटूथचेही कॉम पोर्ट येतात. ते काढायला बरेच जण 'व्हीआयडी नसेल तर सोडून द्या' अशी अट घालतात. ही अट दूध संस्थेत घालू नका. जुन्या डेस्कटॉपवर खरा नऊ पिनांचा कॉम १ असतो, त्यालाही व्हीआयडी नसतो, आणि काटा नेमका त्याच्यावरच असतो. हार्डवेअर आयडी बघा: ब्लूटूथचा 'बीटीएचईएनयूएम'नं सुरू होतो, खऱ्या पोर्टचा 'एसीपीआय'नं.

आता खरी अडचण. काट्याला आणि फॅट मशीनला एकाच दुकानातून आणलेले दोन सीएच ३४० कन्व्हर्टर. व्हीआयडी तोच, पीआयडी तोच, सिरियल नंबर सहसा दोघांनाही नाही. लिस्ट पोर्ट्सचं यात काही चुकत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला जेवढं ठाऊक तेवढंच ते सांगतं. पोस्टमननं घर दाखवावं, आत कोण राहतं ते दार वाजवूनच कळावं, तसं आहे हे. लोकेशन इथं थोडं कामी येतं. '१-१.२' म्हणजे कुठला हब, त्यातली कितवी खाच. पण खाच बदलली की तेही बदललं. एफटीडीआयचं विंडोजवर बरोबर उलटं: सिरियल नंबर मिळतो, लोकेशन ड्रायव्हर लपवतो.

म्हणून मी दार वाजवते. आमच्याकडचे काटे सेकंदाला कितीतरी वेळा वजन पाठवत राहतात. फॅट मशीन नमुना तपासून होईपर्यंत गप्प असतं. यादीतला एकेक पोर्ट ९६०० बॉडच्या वेगावर उघडायचा, दोन सेकंद ऐकायचं. वजनासारख्या ओळी आल्या तर तो काटा. एकही अक्षर आलं नाही तर दुसरं यंत्र. डिस्प्ले फक्त ऐकतो, बोलत नाही, त्यामुळं तो आणि फॅट मशीन यांच्यातला फरक असा कळत नाही. तिथं मी डिस्प्लेवर शून्य पाठवते आणि सचिवांना विचारते, "दादा, बाहेर दिसलं का?"

लिनक्सवर यादी आणखी स्वच्छ येते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पोर्ट यादीत दिसतो पण उघडताना परवानगी नाकारली जाते, तेव्हा वापरकर्ता 'डायलआउट' गटात घालावा लागतो. आणि उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० लावल्या लावल्या गायब होत असेल तर 'बीआरएलटीटीवाय' हे ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज त्याला आपलं उपकरण समजून पळवतं. ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढलं की पोर्ट येतो. विंडोजवर ड्रायव्हरच नसेल तर यादीत काहीच येणार नाही. गावात नेट नसतं, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊनच जा.

एक उणीव मला खरोखर खटकते. तार निघाली किंवा लागली हे पायसिरियल आपणहून कळवत नाही. दर दोन सेकंदांनी यादी मागवायची आणि आधीच्या यादीशी ताडून बघायची, एवढाच मार्ग त्यात आहे. चालतं, पण हे लायब्ररीतच असायला हवं होतं.

नवीन संस्थेला मी आता आधीच सांगते: काट्याला एफटीडीआयचा कन्व्हर्टर घ्या, फॅट मशीनला सीएच ३४० चालेल. थोडे पैसे जास्त जातात, पण दोन चिपा वेगळ्या असल्या की लिस्ट पोर्ट्सला दोन्ही यंत्रं पहिल्या फटक्यात सापडतात आणि खाच कुणी कितीही बदलली तरी सकाळचं संकलन अडत नाही.