जुना रोलँड व्हीएस-880 : सिंकच्या बाबतीत अजूनही तरबेज

1996चा हा 8 ट्रॅकचा रेकॉर्डर पुण्यात कुणी जुन्यात विकत असेल, तर घासाघीस करून घ्यावा. मात्र मिडी सिंक, म्हणजे मिडी केबलवरून दोन यंत्रं एका लयीत चालवणं, तपासूनच. मागचं मिडी आउट (स्वतःचा सिग्नल बाहेर देणारं) आणि थ्रू (आत आलेला सिग्नल तसाच पुढे पाठवणारं) एकच सॉकेट आहे. सिस्टिममध्ये ते ‘थ्रू’वर राहिलं तर ड्रम मशीन ढिम्म हलत नाही, आणि लोक उगाच केबलला दोष देतात. ते ‘आउट’ करा, सिंक सोर्स ‘इंट’ (रेकॉर्डर स्वतःच्या वेगाने चालेल), जेन (बाहेर कोणता सिंक सिग्नल द्यायचा ते) ‘मिडी क्लॉक’, म्हणजे टेम्पोनुसार जाणारे ठोके. ड्रम मशीनला एक्स्टर्नल क्लॉक. आता प्ले दाबला की दोन्ही एकदम सुटतात. ड्रमचा आवाज थेट इनपुटला घेतला की ट्रॅकही वाचतात.

कॉम्प्युटरच्या सिक्वेन्सरसाठी (सूर-ताल नोंदवून वाजवणारं सॉफ्टवेअर) एमटीसी, म्हणजे वेळ सांगणारा मिडी टाइम कोड, बरा. दोन्हीकडे सेकंदाला 25 फ्रेम ठेवा. एमटीसीमध्ये टेम्पो जात नाही, तो सिक्वेन्सरमध्ये वेगळा भरावाच लागतो.

खरी गंमत सिंक ट्रॅकची, म्हणजे क्लॉकचे ठोके साठवणाऱ्या वेगळ्या ट्रॅकची. क्लिकविना (मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय) वाजवलेल्या ढोलकीच्या टेकवर मात्रेमात्रेला मार्क टाकून त्यावरून क्लॉक बनवता येतं. काम किचकट, पण लय वादकाचीच राहते.

मिडी केबल पुण्याच्या तापकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घेतलीत तर मल्टिमीटरने 4 आणि 5 नंबरच्या पिना सरळ जोडल्यात ना, ते बघा. उलट्या असतील तर सिग्नल पोचतच नाही.