मालकाला कवडीचुंबक म्हणू नका: सोलापुरातली नवी पेठेमागची भाकरीची खानावळ

तीन वर्षं झाली इथं जेवतोय, आठवड्यातून दोनदा तरी. पहिल्यांदा मित्र घेऊन आला तेव्हा दारातच म्हणाला, "जेवण एक नंबर बे, पण मालक कवडीचुंबक हाय." तेच डोक्यात ठेवून बसलो आणि तसंच दिसलं की, शेंगा चटणी चमचाभर, कांदा अर्धा, शेजारचं टेबल रिकामं झालं की काका लगेच येऊन वरचा फॅन बंद करणार, आणि बिल जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर.

पण चटणी संपली तसं काकांनी न विचारता परत वाढली, मग अजून एकदा, आणि बिल झालं तेवढंच, थाळीचे 120 रुपये. चटणी मिक्सरमधली नाही बरं का, उखळात कुटलेली, दाणे लसूण जिरं तिखट मीठ एवढंच, पण कुटता कुटता दाण्याचंच तेल सुटतं आणि ती ओलसर होते, घट्ट दह्यात कालवून कडक भाकरीच्या तुकड्यावर घ्यायची. आमटी झणझणीत, वरून तर्री मागितली तर तीही देतात.

म्हणून तो शब्द मला खटकतो. कवडी म्हणजे एकेकाळचं सगळ्यात हलकं चलन, मालदीवकडून जहाजानं यायच्या, बंगालात तर बाजार त्यांच्यावर चालायचा, आता आपल्याला दिसतात त्या तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत. आणि चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, लोहचुंबकातला चुंबकसुद्धा तोच, लोखंडाला जाऊन चिकटतो म्हणून. म्हणजे फुटक्या किमतीची कवडी, तिचाही मुका घेत बसतो आणि हातातून सोडवत नाही तो कवडीचुंबक. काका वाया जाऊ देत नाहीत हे खरं, ताटात टाकलेलं दिसलं की सरळ बोलतात, पण पोटभर वाढताना हात आखडत नाहीत. चमचाभर वाढतात ते टाकलं जाऊ नये म्हणून, मागेल त्याला परत आहेच. हा माणूस काटकसरी आहे, दोन्हीत लई फरक आहे.

एकदा याच विषयावर टेबलावर गप्पा रंगल्या. पूर्व भागातले एक मामा शेजारी होते, म्हणाले आमच्या तेलुगूत पिसिनारी. माझी आज्जी कन्नडमध्ये जिपुण म्हणायची. आपल्या सोलापुरात एका कंजूष माणसाला तीन भाषांत शिव्या बसतात! मला त्यातला सगळ्यात जड शब्द वाटतो तो कृपण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 49 व्या श्लोकात "कृपणाः फलहेतवः" येतं, तिथं तो पैशाचा चिकटपणा नाही, फळावर डोळा ठेवून काम करणारे दीन, केविलवाणे असा अर्थ आहे. कृपा हा शब्दही त्याच धातूतला. म्हणजे मुळात ज्याची कीव यावी तो कृपण, पैसे दाबून ठेवणारा हा अर्थ नंतर घट्ट झाला. लहानपणापासून फक्त चिक्कू एवढंच ऐकलेलं, त्यामुळे हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच विचार करत होतो.

पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या. दुपारी 1 च्या आत पोचा, नंतर भाकरीला थांबावं लागतं कारण काकू एकट्या थापतात. शनिवारी हुलग्याचं माडगं असतं. चटणी पार्सल मिळते, डबा घरून आणला तर काका खूश होतात आणि मापाच्या वर एक मूठ टाकतात.