टोन का फाटत होते: टू-टोन पेजिंग एन्कोडरचा पावसाळाभरचा अनुभव

भोसरी परिसरातील कारखान्यांच्या परस्पर-साहाय्य अग्निशमन गटाच्या नियंत्रण कक्षात हा टू-टोन एन्कोडर, म्हणजे पेजरना हाक देणारे सूर तयार करणारे उपकरण, उन्हाळ्याच्या अखेरीस बसला आणि संपूर्ण पावसाळा रात्रंदिवस चालू राहिला. आगीची किंवा वायुगळतीची वर्दी आली की डिस्पॅचर एक बटण दाबतो, रेडिओवरून पहिला टोन सुमारे एक सेकंद आणि दुसरा सुमारे तीन सेकंद जातो, आणि त्या जोडीसाठी बसवलेले पेजर (जवळ बाळगायचे छोटे रेडिओ ग्राहक) तेवढे उघडून पुढील निरोप ऐकवतात. रेडिओ यंत्रणेची देखभाल माझ्याकडे असल्याने पेजर न उघडणे म्हणजे काय, हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

सुरुवातीपासून एकच तक्रार येत होती. बोलणे स्वच्छ ऐकू येई, पण टोन कर्कश फाटत आणि चाकणकडचे काही पेजर कधी उघडत, कधी नाही. विक्रेत्याने पेजर बदलण्याचा सल्ला दिला. तो स्वीकारण्यासारखा नव्हता, कारण तेच पेजर सर्व्हिस मॉनिटरवरून (रेडिओ तपासण्याच्या उपकरणावरून) दिलेल्या शुद्ध टोनवर दर वेळी उघडत होते.

एन्कोडरच्या बाहेर पडणारी लहर ऑसिलोस्कोपवर निर्दोष होती. ट्रान्समीटरनंतर मात्र तिचे माथे सपाट झालेले दिसले. साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलवर डेव्हिएशनची, म्हणजे आवाजामुळे रेडिओची वारंवारता मूळ जागेपासून किती सरकते त्याची, कमाल मर्यादा २.५ किलोहर्ट्झ असते आणि ट्रान्समीटरमधील लिमिटर त्यापलीकडचे सारे कापतो. बोलण्यातील शिखरे क्षणभरच वर जातात, त्यामुळे ती कापली गेली तरी कानाला फारसे खटकत नाही. टोन मात्र सलग एकाच उंचीवर चालतो, म्हणून पातळी जास्त असेल तर त्याची प्रत्येक लहर कापली जाते. ९२८.१ हर्ट्झच्या कापलेल्या टोनचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा उपसूर) २७८४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अजून श्राव्य पट्ट्यातच पडतो. तो कर्कशपणा तिथूनच येत होता.

मूळ कारण प्री-एम्फसिसमध्ये होते. एफएम रेडिओ माइकच्या मार्गाने आलेल्या आवाजातील उंच वारंवारता दर सप्तकाला ६ डेसिबलने उचलतो. या एन्कोडरमध्येही तशीच उचल देणारा जंपर (सर्किटवरची चालू-बंद करायची छोटी जोडणी) आहे आणि तो कारखान्यातून चालू स्थितीतच आला होता. ४३३.७ आणि ९२८.१ हर्ट्झ या आमच्या जोडीत एका उचलीने सुमारे साडेसहा डेसिबलचा फरक पडतो, तर दोन उचलींनी तो तेरापर्यंत जातो. मग खालचा टोन पुरेसा करावा, तर वरचा लिमिटरवर आदळणारच. माहितीपुस्तिकेत याविषयी एकच ओळ आहे, आणि ज्या उपकरणावर माणसांचे जीव अवलंबून आहेत त्याच्या बाबतीत ही गोष्ट मला गंभीर उणीव वाटते.

जंपर बंद केला, वरचा टोन दीड किलोहर्ट्झ डेव्हिएशनवर आणला आणि खालचा त्याच्या जवळ नेला. सीटीसीएसएसचा सबटोनही (बोलण्याखाली सतत चालणारा, रिसीव्हर उघडणारा खालचा सूर) त्याच २.५ किलोहर्ट्झमध्ये बसवायचा असल्याने ही मोकळीक आवश्यक होती. प्रत्येक टोनची पातळी स्वतंत्रपणे ठरवता येणे हा या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र त्याचे ट्रिमर (पातळी जुळवायचे छोटे स्क्रू) झाकणाखाली आहेत आणि प्रत्येक तपासणीला झाकण उघडावे लागते.

जनरेटरवर असताना टोनखाली राहिलेली गुणगुण ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची, होती. ६०० ओहमचा, एकास एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्यावर ती थांबली. पहिल्या टोनची सुरुवात रिपीटर (संदेश पुढे प्रक्षेपित करणारे केंद्र) सुरू होण्याच्या वेळात हरवत होती, त्यासाठी की-अप विलंब, म्हणजे प्रक्षेपण सुरू झाल्यापासून टोन निघेपर्यंतचा अवधी, अर्धा सेकंद ठेवला. ही सोय समोरच्या पॅनलवर आहे आणि उत्तम चालते.

नियंत्रण कक्ष ते रिपीटर हा दुवा आयपीवर (संगणक नेटवर्कवर) नेण्याचा विचार असेल, तर कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल रूपात बदलण्याची पद्धत, आधी विचारून घ्यावा. जी.७२९ हा सेकंदाला ८ किलोबिटचा कोडेक माणसाच्या बोलण्याच्या नमुन्यावर बेतलेला आहे, त्यातून गेलेला टोन डळमळतो, जी.७११ मधून तो जवळजवळ जसाच्या तसा जातो. डिजिटल रेडिओच्या व्होकोडरलाही (बोलणे संकुचित करणाऱ्या भागालाही) हीच अडचण असल्याने आम्ही पेजिंगचा चॅनेल ॲनालॉगच ठेवला आहे.

दुरुस्तीनंतर चाकणकडचे पेजर भर पावसातही उघडत राहिले आहेत. सर्व्हिस मॉनिटर आणि तो वापरणारा माणूस हाताशी असेल, तर हा एन्कोडर मी निःसंकोचपणे सुचवेन. ती सोय नसेल, तर खरेदीच्या करारातच प्रत्येक टोनचे डेव्हिएशन प्रत्यक्ष मोजून त्याचा लेखी तक्ता देण्याची अट घालावी आणि जंपरची स्थिती त्यात नमूद करून घ्यावी.