चामडं की कायडेक्स? कमरेच्या आतल्या होल्स्टरचा माझा हिशेब

मागच्या महिन्यात बेदाण्याच्या सौद्याला तासगावला गेलो होतो. सौदा उरकल्यावर ओळखीच्या एका बागायतदाराने बाजूला घेतलं. "दादा, परवाना मिळाला, हत्यारही आलं. आता ठेवायचं कशात?" सध्या कशात ठेवतोस म्हटलं, तर गडी म्हणतो, रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात. त्याच खिशात गाडीची चावी. मी त्याला आधी ते घरी नेऊन तिजोरीत ठेवायला लावलं आणि मग चहा सांगितला.

त्या चहावर जे बोललो तेच इथे थोडं सावकाश लिहितो आहे. माझ्याकडे कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर आहे, सहा गोळ्यांचं. दहा वर्षांत तीन होल्स्टर, म्हणजे हत्याराची म्यानं, झाली. पहिलं नायलॉनचं होतं, त्याला एका वाक्यात निकालात काढतो: हत्यार बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटतं आणि परत घालायला दुसरा हात लागतो, म्हणजे तो हात नळीपुढे येतो. ते घेऊ नका. उरलं चामडं आणि कायडेक्स, म्हणजे एक कडक प्लॅस्टिक. ही दोन्ही आजही घरात आहेत, त्यामुळे तुलना करायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजतो.

कमरेच्या आतच, म्हणजे पँट आणि अंग यांच्या मध्येच का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा उरत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच केलेल्या तशा साधनात, अंगाला बांधलेलं, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. शर्टाबाहेर पट्ट्याला लटकवून लग्नात मिरवणारे मी पाहिले आहेत. त्यांचं कौतुक करू नये. (आनंदाच्या भरात हवेत बार काढणाऱ्यांना तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरी हौस फिटत नाही.) कमरेच्या बाहेरचं होल्स्टर शर्टाखाली झाकायचं म्हटलं तर मुठीचा फुगवटा दिसतोच. आतलं घालायचं असेल तर पँट एक इंच सैल घ्या आणि पट्टा चांगला जाड, न वाकणारा. होल्स्टरवर हजारो रुपये घालून पातळ ऑफिसचा पट्टा लावणारे बरेच भेटतात. मग हत्यार कमरेवर लोंबतं आणि दोष होल्स्टरला.

चामड्याचं मी कोल्हापुरात शिवून घेतलं. कारागिराने रिकाम्या रिव्हॉल्व्हरचं माप घेतलं, तोंडाला दुहेरी कडक पट्टी लावली, मागे पट्टा जायला दोन पक्के शिवलेले लूप. सुरुवातीचे पंधरा दिवस दगडासारखं होतं, मग अंगाला असं बसलं की विसरायला व्हायचं. कायडेक्स म्हणजे गरम करून हत्यारावरच आकार दिलेला प्लॅस्टिकचा पत्रा. आत सरकवलं की टक असा आवाज येतो, तोच त्याचा पुरावा. किती घट्ट धरायचं ते स्क्रूने ठरवता येतं. तो नेमक्या मॉडेलच्या मापाचा लागतो. मित्राच्या पिस्तुलाचं कायडेक्स आपल्या रिव्हॉल्व्हरला चालवून घेऊ म्हणाल तर ते जमणार नाही, आणि जमलं असं वाटलं तर जास्त काळजी करा.

आता जागा. कंबर म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बेंबी म्हणजे बारा वाजले असं धरा. मी उजव्या हाताचा, माझं हत्यार चार वाजता, कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. पोटावर, एक वाजता ठेवणारे तरुण हल्ली दिसतात. लवकर हाताशी येतं, झाकलंही चांगलं जातं. पण बसल्यावर नळी थेट मांडीकडे आणि त्याहून नाजूक जागेकडे रोखलेली असते, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, आणि माझं पोट आता त्या वयाचं राहिलेलं नाही. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मला झोप लागली नसती, एवढंच. पाठीच्या मधोमध मात्र कुणीच ठेवू नये. मोटारसायकलवरून पाठीवर आपटलात तर लोखंड आणि मणका यांच्यामध्ये काहीच नसतं, शिवाय गर्दीत मागून कुणी हात घातला तर कळतसुद्धा नाही.

चार वाजताच्या जागेला आपल्याकडच्या दोन सवयी आड येतात. एक, पाया पडणं. कमरेत वाकलं की शर्ट वर सरकतो आणि मूठ छापासारखी उमटते. मी आता गुडघे मोडून खाली बसतो आणि मग पायाला हात लावतो. आत्या म्हणतात, पोराला संस्कार आहेत. दोन, मांडी घालून बसणं. सत्यनारायणाला, पंगतीला, बैठकीला चामडं अगदी गुणी, शरीराबरोबर वळतं. कायडेक्सची खालची कड मात्र पंधराव्या मिनिटाला कमरेच्या हाडात रुतायला लागते, आणि सहा गोळ्यांच्या चक्रीचा फुगवटा बरगडीखाली येतो. एप्रिलमध्ये, शेडवर बेदाणा सुकत असताना, घामाने त्या कडेखाली लाल वळ उठलेले आहेत. बसण्याच्या सुखात चामडं पुढे आहे, आणि थोडंथोडकं नाही, बरंच.

इथवर वाचून तुम्ही कोल्हापूरची गाडी पकडाल. थोडं थांबा.

आपला दिवस आठवा. सकाळी बँकेत जायचं आहे, दारावर शस्त्र आत नेऊ नये असा फलक. दुपारी कोर्टात तारीख आहे. वाटेत देऊळ आहे. संध्याकाळी शाळेच्या कार्यक्रमाला जायचं आहे. माझा परवाना महाराष्ट्रापुरता, म्हणजे विजापूरकडे माल बघायला निघालो की घरीच ठेवून जायचं. शिवाय रोज शौचाला जायचं आहे, तेही बहुतेक ठिकाणी उकिडवं बसून. परवाना घेताना कुणी सांगत नाही की हत्यार बाळगणं म्हणजे अर्धा वेळ ते काढणं आणि परत लावणं असतं. आणि अपघाताची शक्यता असते ती याच वेळी, हात लावताना. कमरेवर शांत पडून राहिलेलं हत्यार सहसा काही करत नाही.

माझ्या चामड्याला शिवलेले लूप होते. काढायचं म्हणजे पट्टा पूर्ण ओढून सोडायचा, मग होल्स्टर सुटतं. हा उपद्व्याप दिवसातून चार वेळा कोण करतो? मी करत नव्हतो. मी होल्स्टर तिथेच ठेवून नुसतं रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचो. गाडीत बसून, मान वाकडी करून, पोटावरून ओढून. मग गाडीत बसूनच परत घालायचो. तेव्हा ट्रिगर उघडा आणि नळी कुठे रोखली आहे ते देव जाणे. बरीच वर्षं हे केलं आणि काही झालं नाही, म्हणून ते बरोबर आहे असं वाटत होतं.

मग एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या शौचालयात, तेच केलं. रिव्हॉल्व्हर काढलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, आत घाई. हात धुतले, बाहेर आलो, मंडपाकडे निघालो. दहा-बारा पावलांवर कंबर हलकी लागली. कसा परत धावलो ते आठवत नाही. दार आतून बंद होतं. मी बाहेर उभा राहिलो, आयुष्यातली सगळ्यात लांब दोन मिनिटं. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. हत्यार कठड्यावर होतं. त्यांनी पाहिलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या जागी मांडवात पळणारं एखादं पोर असतं तर, हा विचार मी पूर्ण करत नाही.

त्याच महिन्यात कायडेक्स मागवलं. त्याला दोन क्लिप आहेत, पट्ट्यावरून येऊन खालून अडकणाऱ्या. अंगठ्याने उचलल्या की होल्स्टर हत्यारासकट एका तुकड्यात बाहेर येतं. ट्रिगर झाकलेला, बोटाला जायला वाटच नाही. तसंच तिजोरीत, तसंच परत कमरेवर. गेल्या काही वर्षांत घराबाहेर मी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून काढलेलंच नाही, आणि माझ्या मते एवढ्यावर वादाला जागा राहत नाही. शौचालयात मी आता ते कठड्यावर ठेवतही नाही. होल्स्टरसकट काढून उतरवलेल्या पँटच्या मधोमध, दोन पायांच्या मध्ये ठेवतो. तिथून ते विसरून उठताच येत नाही.

चामड्याच्या बाजूने न्यायाने एक सांगायला हवं: बटणाचे लूप शिवून घेता येतात. माझ्या एका साडूने तसं करून घेतलं आहे आणि तो खूश आहे. मी त्याचं हाताळून पाहिलं, बटण थोडं ढिलं वाटलं. कदाचित मी आता पूर्वग्रहदूषित असेन.

क्लिपच्या बाबतीत मात्र एक काटेकोरपणा पाळा. ती पट्ट्याच्या खालच्या काठाला खरोखर अडकली आहे का, बोटाने चाचपून बघा. नुसती पँटच्या कापडाला लागली असेल तर एकटं हत्यार उपसायला जाता आणि होल्स्टरही हातात येतं. हे मी घरी, रिकाम्या हत्यारावर शिकलो. रिकामं म्हणजे चक्री दोनदा बघितलेली आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. नवीन होल्स्टर आणलं की त्याच रिकाम्या रिव्हॉल्व्हरने दोन गोष्टी तपासा. गादीवर उलटं धरून हलवा, पडता कामा नये. आणि बाहेरून अंगठ्याने दाबून बघा, ट्रिगर हलता कामा नये. चामडं जुनं होऊन मऊ पडलं की याच दुसऱ्या परीक्षेत नापास होतं, आणि तोंडाची पट्टी आत मुडपली तर घालताना तीच ट्रिगरमध्ये शिरते. मऊपणाचं कौतुक वर केलं आहे, त्याची किंमत ही.

परत घालताना घाई कशाची? शर्ट डाव्या हाताने पूर्ण वर, बोट ट्रिगरपासून लांब सरळ, डोळे होल्स्टरच्या तोंडावर. विजारीची नाडी, जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक यातलं काहीही आत जाऊ शकतं. मी तर होल्स्टर आधी बाहेर काढून, नळी सुरक्षित दिशेला धरून, टेबलावरच हत्यार त्यात घालतो आणि मग सगळं मिळून कमरेला लावतो. कायडेक्समुळेच हे जमतं, म्हणून पुन्हा त्याच्याच पारड्यात.

पावसाळ्याबद्दल थोडंसं. एका श्रावणात मी रिव्हॉल्व्हर चामड्यातच कपाटात ठेवलं, आणि काढलं तेव्हा चक्रीखाली तपकिरी ठिपके. चामडं घाम आणि ओल धरून ठेवतं, त्यात हत्यार कधीच साठवू नये. कायडेक्स धुऊन पुसता येतं. पण त्यात वाळूचा कण अडकला की काळ्या लोखंडी लकाकीवर रेघा पडतात, आणि स्क्रू सैल होत राहतात. मी स्क्रूवर बायकोच्या नेलपेंटचा ठिपका लावला आहे, सरकला की लगेच दिसतं. ठिपक्याचा रंग तिने निवडला.

त्या बागायतदाराने शेवटी कायडेक्सच मागवलं. परवा त्याचा फोन आला: रविवारी जावळ आहे, पंगत जमिनीवर, कड रुतते, काय करू? मी म्हटलं, आपल्याच नातवंडांच्या जावळाला हत्यार कशाला, घरी तिजोरीत ठेव. आणि नेणारच असशील तर भिंतीकडेची टोकाची जागा धर, उजवी बाजू भिंतीला, आणि मठ्ठा वाढणाऱ्याला सांग लवकर ये म्हणून.