दहा मफलर विणले आणि १५,९३९ रुपये घालवले

आधी आकडे देते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न "किती गेले?" हाच असतो. नोंदणी ४९९. लोकरीचं 'परत मिळणारं' डिपॉझिट ६,५००. कमी पडलेली लोकर १,२००. मफलर पाठवायचं कुरिअर ३८०. 'रीवर्क ट्रेनिंग' २,००० अधिक जीएसटी, म्हणजे २,३६०. आणि शेवटी 'सेटलमेंट' ५,०००. बेरीज १५,९३९. शेवटची दोन कलमं वाचून तुम्ही कपाळावर हात मारणार. मारा. मीही मारलाय.

मी अडाणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. सव्वीस वर्षं एका शाळेच्या कार्यालयात हिशेब लिहिलेत. ओटीपी आजवर कुणाला सांगितला नाही. लॉटरीचे मेसेज न वाचता पुसते. घरबसल्या पेन्सिली पॅक करा, महिना तीस हजार मिळवा, असल्या जाहिरातींना आम्ही दोघं हसत आलोय. पण ही जाहिरात विणकामाची होती हो. आणि विणकाम मला येतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांची टोपडी-मोजे माझ्या हातचे आहेत. 'अनुभवी विणकर महिला हव्यात' असं वाचल्यावर जे वाटलं, ते पैशाचं वाटणं नव्हतं. निवृत्तीनंतर कुणीतरी पहिल्यांदा माझ्या हाताला किंमत देत होतं. त्याच दारातून ते आत आले.

ऑगस्ट २०२४. योजना तुम्हाला ठाऊक असलेल्या नमुन्याचीच: लोकर ते पाठवणार, मफलर आपण विणायचे, एकाला ३५० रुपये, दहाचा एक लॉट, पहिल्या लॉटसोबत डिपॉझिट परत. फोनवरची मुलगी आधी "मॅडम" म्हणायची, पैसे भरल्यावर "ताई" म्हणायला लागली. करार पीडीएफमध्ये आला, मोबाईलवर बोटाने सही केली. वाचला का? पहिली दोन पानं वाचली. नुकसानभरपाईचं कलम सातव्या पानावर होतं.

खोक्यात चाळीस गुंडे आले, पन्नास-पन्नास ग्रॅमचे, फिकट मोरपंखी. (एक्केचाळिसावा गुंडा फोनवर होता, असं आमचे हे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला हसू येत नाही.) पट्टीवर छापलेलं, शंभर टक्के मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची उंची लोकर. मऊ होती, गळ्याला टोचत नव्हती, म्हणून मी मान डोलावली. अहो, अॅक्रिलिकचा कृत्रिम धागासुद्धा टोचत नाही! ६,५०० भागिले ४०, म्हणजे गुंड्याला १६२ रुपये ५० पैसे. खरी मेरिनो या भावात कुठून येणार? तसलीच लोकर आमच्या नेहमीच्या दुकानात ४० रुपयांना मिळते, हे मी नंतर जाऊन बघितलं. आधी का नाही बघितलं, हे विचारू नका.

लोकर तपासायला शेगडीशेजारी दोन मिनिटं पुरतात. वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते, आणि राख बोटाने चुरडता येते. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. ही परीक्षा मी स्वतः कितीतरी जणींना शिकवलीय. स्वतःची लोकर मात्र डिसेंबरात जाळली, सगळं आटोपल्यावर. मणी झाला. तो मी जपून ठेवलाय.

आता त्या क्षणाकडे येते, ज्याच्यामुळे मला अजून रात्री जाग येते.

नमुना असा होता: आठ नंबरच्या सुया, पन्नास टाके, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ४८० ओळी, शेवटी टाके बंद. किनार नाही, काही नाही. रुंदी नऊ इंच, लांबी सहासष्ट. ज्यांना विणकाम येतं त्यांनी एव्हाना ओळखलं असेल. नुसत्या सुलट-उलटच्या विणीचा काठ वळतो. हाताचा दोष नसतो, त्या विणीचा स्वभावच तो. दोन्ही बाजू आत गोल होतात आणि मफलरची सुरळी होते. म्हणून मफलरला आपण दोन सुलट दोन उलट घालतो, नाहीतर सगळ्या ओळी सुलट विणतो, निदान दोन्हीकडे चार-पाच टाक्यांची सुलट किनार तरी ठेवतो. हे मला आईने शिकवलं तेव्हा मी सहावीत होते.

पहिला मफलर वीतभर झाला आणि वळायला लागला. मला दिसलं. मी फोन केला. म्हटलं, "काठ वळतोय, दोन्हीकडे चार टाके सुलट ठेवू का?" तिकडून लगेच उत्तर आलं, "नाही ताई, नमुना बदललात तर अख्खा लॉट रिजेक्ट होईल. परदेशी ग्राहकाची ऑर्डर आहे."

तिथे थांबायचं होतं. लोकर त्यांच्या तोंडावर फेकायची होती. ज्यांना मफलर विकायचाय ते असा मफलर विणायला सांगतच नाहीत. हा नमुना नापास होण्यासाठीच काढलेला होता. कुणीही विणा, कितीही सफाईने विणा, काठ वळणारच. मी काय केलं? परदेशात तशी फॅशन असेल, असं स्वतःला समजावलं. आणि मग, हे लिहायलाही लाज वाटते, पुढचे आठ दिवस मी माझ्या हातालाच दोष देत बसले. टाके घट्ट पडतात म्हणून सुया बदलल्या. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, तर मफलर चिंधीसारखा लुळा पडला, वर चमक आली. लोकर अशी मरत नाही, अॅक्रिलिक मरतं. तेही डोळ्यांसमोर घडलं आणि मी इस्त्रीला शिव्या दिल्या.

एका मफलरात चोवीस हजार टाके. मला साधारण तेरा तास लागायचे. म्हणजे सगळं प्रामाणिक असतं तरी तासाला २७ रुपये पडले असते. हिशेबनीस बाईला हा भागाकार जमू नये? थंडीत नाशकात तिबेटी लोक स्वेटर-मफलरांचे स्टॉल लावतात, तिथे यंत्रावर विणलेला मफलर दोनशेच्या आसपास मिळतो. मग मला मजुरीच ३५० देऊन हे लोक तो विकणार होते कितीला?

आठ मफलर झाले आणि लोकर संपत आली. नवव्याला जेमतेम ऐंशी ग्रॅम उरली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गुंडा ठेवला: ४२ ग्रॅम. पट्टीवर पन्नास. फोन केला तर "ताई, दमट हवेत वजन कमी-जास्त होतं." (दमट हवेत लोकरीचं वजन वाढतं, कमी होत नाही.) जादा आठ गुंडे १,२०० रुपयांना. ते आले ते वेगळ्या रंगलॉटचे, म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेले. पट्टीवरचा लॉट नंबर मी वाचला, फरक उन्हात दिसत होता, मी कळवलंही. "चालेल." फोनवरच्या "चालेल"ला पुरावा नसतो. जे काय असेल ते लिहून घ्या, मेसेजवर घ्या. खोकं आलं की त्यांच्यासमोर, व्हिडिओ कॉलवर, एकेक गुंडा काट्यावर ठेवा.

नोव्हेंबरात दहाही मफलर पाठवले. पंधरा दिवसांनी 'क्वालिटी रिपोर्ट' आला. सात नापास, काठ वळलेत. दोन नापास, रंगात फरक. एक पास. करारानुसार दहातले आठ पास झाले नाहीत तर मजुरी नाही, डिपॉझिट नाही. मात्र ट्रेनिंग घेतलं तर पुन्हा संधी. आणि मी भरले २,३६०! कारण तोवर ८,५७९ गेले होते आणि ते वाचवायचे होते. जुगारात माणूस असाच बसतो, हे मला माहीत होतं. दुसऱ्याच्या बाबतीत माहीत होतं.

ट्रेनिंग म्हणजे चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात टाके कसे घालायचे ते.

त्यानंतर 'वकील' आला. व्हॉट्सअॅपवर नोटीस, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का. करारभंग, १८,७०० भरा, नाहीतर कोर्टात केस, घरी पोलीस. आमच्या घरात आजवर पोलीस आलेला नाही. यांना आधीच रक्तदाब, त्यांना सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी सात वाजता 'ताई, माणुसकी म्हणून पाच हजारांत मिटवतो' असा मेसेज आला आणि मी सव्वासातला पाठवले. पुढच्या माणसाला एवढंच सांगते: वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागणारा वकील वकील नसतो. अशा नोटिशीची प्रिंट काढा आणि ओळखीच्या खऱ्या वकिलाला दाखवा, पैसे तोवर हलवू नका.

यूपीआयवरून आठवलं. पाच वेळा पैसे पाठवले, पाच वेळा समोर वेगळ्या माणसाचं नाव. कंपनीचं एकदाही नाही. भाचीने बिल बघून दोन मिनिटांत सांगितलं, "मावशी, पत्ता लुधियानाचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होतो. ०७ म्हणजे दिल्ली, पंजाबचा ०३ असतो." जीएसटीच्या पोर्टलवर नंबर फुकट तपासता येतो. तपासला, तर टायरचं दुकान निघालं.

आता तक्रारीची कथा. ती ऐकून फसवणूक करणाऱ्यांपेक्षा कुणावर जास्त चिडायचं तेच कळेनासं होतं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर. मग हवालदार म्हणाले, "काकू, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग?" मग काय? चोर घरात शिरला तर दार तुम्हीच उघडलंत ना, असं विचारणार का? करार बघितल्यावर म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. लुधियाना ऐकल्यावर म्हणाले, आमची हद्द नाही. सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाल्यांकडे गेले तर तिथला तरुण मुलगा म्हणतो, "लोकर आली ना घरी? वस्तू मिळाली म्हणजे सायबर फ्रॉड नाही, परत ठाण्यातच जा." परत ठाण्यात. यावेळी अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर "विश्वास नाही का?" नाही! विश्वासावर १५,९३९ गेलेत माझे! आणि मागून कुणीतरी "आजी लोकरीवरून आल्यात" म्हणालं ते मी ऐकलं. पंधरा हजार म्हणजे तुम्हाला लोकर वाटते. माझ्या पेन्शनीत तो दीड महिना आहे.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका खिडकीवर तर कमालच झाली. "तुम्ही ग्राहक नाही, तुम्ही काम घेतलं होतं." बरं, मग कामगार म्हणून कुठे जाऊ? "तुम्ही नोकरीला नव्हतात." मी लोकर विकत घेतली, मी मजुरी केली, मला दोन्हीकडून लुटलं, आणि कागदावर मी कुणीच नाही.

पुढे भाचीने वाचून काढलं ते असं. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हे पाठ करून जा, नाहीतर माझ्यासारखे हेलपाटे घालाल. आणि पैसे गेल्याचं कळलं त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन करा. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात, मग त्याच्या पुढच्या. मी लाजेने पाच आठवडे गप्प बसले. ती लाज फक्त त्यांच्या कामी आली.

ठाण्यात एक प्रश्न मात्र बरोबर विचारला होता. "आणखी कुणी फसलंय का? दोघी-तिघी एकत्र आलात तर जोर येईल."

आहे ना. जाऊबाई आहेत. सप्टेंबरात, पहिला मफलर हातात असताना, मीच त्यांना या योजनेत घातलं होतं. नोंदणी ४९९, डिपॉझिट ६,५००. त्यांचे गुडघे दुखतात, चार मफलर झाले आणि काम सुटलं. त्यांना ठाण्यात यायला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून हवालदारांना मी "नाही" म्हटलं. जानेवारीत जाऊबाईंच्या हातात १,००० ठेवले, मार्चमध्ये आणखी १,०००. ४,९९९ अजून द्यायचेत. त्यांना वाटतंय, कंपनी हप्त्याहप्त्याने परत करतेय. हे वाचलं तर कळेलच.